उत्तेजक चाचणी: शिस्तीतून आलेला नियम

मराठीत ‘उत्तेजक’ हा एकच शब्द ॲम्फेटामिनसाठीही चालतो आणि स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडसाठीही. पहिले द्रव्य काही तासांपुरते तरतरी आणते, दुसऱ्याचा परिणाम कित्येक आठवड्यांच्या सरावातून दिसतो. हा घोळ केवळ भाषेचा नाही, विद्यार्थी खेळाडूंसाठीचे नियमही त्यातच अडकले.

अमेरिकेत १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बारावीतील ६.६ टक्के मुलांनी स्टेरॉइड घेतल्याचे सांगितले होते. त्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक मुलांनी सोळाव्या वर्षी किंवा त्याआधीच सुरुवात केली होती, आणि चौथ्या हिश्शाहून अधिक मुलांनी पिळदार दिसणे हेच मुख्य कारण दिले होते. पाच वर्षांनंतरच्या एका अभ्यासात स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांमध्ये कोकेन, गांजा आणि मद्याचे सेवनही अधिक आढळले. म्हणजे प्रश्न पदकाच्या हव्यासापुरता नव्हता, याची जाणीव तेव्हाच व्हायला हवी होती.

कायद्याला वळण मिळाले ते मात्र वेगळ्याच प्रकरणातून. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील एका छोट्या गावात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्गातील बेशिस्त वाढली, आणि व्यसनांच्या बाबतीत खेळाडूच पुढे आहेत, असा शाळेचा निष्कर्ष झाला. म्हणून १९८९पासून दर आठवड्याला दहा टक्के खेळाडूंची नावे चिठ्ठ्यांप्रमाणे काढून त्यांची लघवी तपासली जाऊ लागली. मुलगा पाठ करून उभा राही आणि देखरेख करणारा बारा-पंधरा फुटांवर थांबे. सातवीतील एका मुलाच्या पालकांनी संमतिपत्रावर सही नाकारली, त्याला अमेरिकन फुटबॉल खेळू दिले गेले नाही, आणि १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी शाळेची बाजू उचलून धरली. या चाचणीत ॲम्फेटामिन, कोकेन आणि गांजा होते, स्टेरॉइड नव्हते. खेळातील फसवणुकीविरुद्धचा दाखला म्हणून हा निकाल पुढे करणे त्यामुळे ओढूनताणून वाटते, कारण त्याचा पाया शिस्त आणि सुरक्षितता हा होता.

स्टेरॉइडची राज्यव्यापी शालेय चाचणी २००६मध्ये न्यू जर्सीत आली. टेक्सासनेही ती स्वीकारली, पण हजारो चाचण्यांत जेमतेम काही मुले सापडल्याने २०१५मध्ये ती गुंडाळली. दरम्यान, २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक प्रयोगात, चाचणी असलेल्या शाळांतील खेळाडूंच्या गेल्या महिन्यातील अमली पदार्थांच्या सेवनात फरक आढळला नाही. वर्षभराच्या सेवनात काही टप्प्यांवर घट दिसली खरी, पण त्याच खेळाडूंमध्ये धोका पत्करण्याची वृत्ती अधिक नोंदली गेली.