नौखंडा वेगळा, किलेअर्क वेगळा

'औरंगजेबाचा नौखंडा महाल' अशी ओळ एखाद्या फोटोखाली दिसली की मला गप्प बसवत नाही. नौखंडा हा औरंगाबादेतला (आताचं छत्रपती संभाजीनगर) जुना महाल, १६१६ चा. औरंगजेबाचा जन्म १६१८ चा. वाद इथेच संपायला हवा, पण दर काही महिन्यांनी तीच ओळ नव्या फोटोखाली पुन्हा दिसते.

याच शहरातला दुसरा महाल किलेअर्क. तो बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. औरंगजेबाचा महाल म्हणायचं तर तो हाच. १६९२ मध्ये त्याच्या हुकमाने बांधलेला, दिल्ली दरवाजा ते मक्का दरवाजा यांच्या मधली जवळपास सगळी जागा व्यापणारा. तटाला जंग्या, म्हणजे बंदुकीसाठीची भोकं, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज, आत मर्दाना महाल, जनाना महाल आणि मशीद. सभांमुळे ठाऊक असलेलं आमखास मैदानही याच बाजूचं. पुढे शासकीय कला व विज्ञान महाविद्यालय याच परिसरात आलं.

नौखंडा मात्र भडकल दरवाजाच्या अंगाला, उंचवट्यावर. भडकल १६१२ चा, मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून उभारलेला. त्याच्यावर नौबत झडायची आणि तिथून वाट महालाकडे जायची. दोन्ही मलिक अंबरची, म्हणजे अहमदनगरच्या वजिराची बांधकामं. त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली, नहर-ए-अंबरी या जमिनीखालच्या कालव्याने तिला पाणी दिलं, आणि ज्या साली नौखंडा बांधला त्याच १६१६ मध्ये रोषणगावच्या लढाईनंतर मुघल फौजेने खडकी जाळली. ज्यांच्याशी हा माणूस जन्मभर लढला, त्यांच्याच बादशहाच्या नावावर त्याचा महाल चढवायचा, हे मला साफ नामंजूर आहे.

बरं, औरंगजेबाचं नाव खोडलं तरी दुसरी चूक तयारच असते: 'मग निजामाने बांधला.' खरा घोळ इथे आहे, आणि शिकलेली माणसंही त्यात अडकतात.

आपल्या इतिहासात निजाम दोन आहेत. पहिली अहमदनगरची निजामशाही. मलिक अहमदने १४९० मध्ये तिचा पाया घातला, १६३६ मध्ये ती बुडाली. मलिक अंबर तिचा वजीर. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे राज्य आपल्या खांद्यावर तोलून धरणारा. तो १६२६ मध्ये वारला. दुसरे हैदराबादचे निजाम, म्हणजे आसफजाही. त्यांचा मूळपुरुष मीर कमरुद्दीन, मुघलांचा सरदार. १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून तो दख्खनचा स्वतंत्र धनी झाला. सतरा सप्टेंबरला आपण ज्या राजवटीतून सुटल्याचा दिवस पाळतो, ती ही. निजामशाही बुडाली तेव्हापासून आसफजाही उभी राहीपर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षं गेली, आणि मधल्या काळात इथे मुघलांचा अंमल होता. दोन घराण्यांचं रक्ताचं नातं नाही, राज्याचाही वारसा नाही.

तरी लोक चुकतात, त्याला कारण आहे. नौखंड्यात दुसरे निजाम खरोखर राहिले. पहिल्या आसफजाहने, म्हणजे मीर कमरुद्दीनने, तो आपल्या राहण्यासाठी घेतला, त्याचा मुलगा नासिरजंगाने वाढवला, दुसरा मुलगा निजामअली औरंगाबादेत आला की मुक्काम तिथेच करायचा. १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला गेली तेव्हा महालाचा मान उतरला. तेव्हा एखादे आजोबा 'निजाम इथं राहायचा' म्हणाले तर ते बरोबर बोलत आहेत, त्यांना अडवू नका. 'निजामानं बांधला' म्हणाले, तर मात्र अदबीने थांबवा.

या घोळाला आपला लाडका शब्द खतपाणी घालतो: निजामकालीन. मराठवाड्यात जुना पूल निजामकालीन, गळकी शाळा निजामकालीन, कुठलीही चुन्याची भिंत निजामकालीन. शाळा खरंच त्या काळातली असेलही. पण तोच शिक्का नौखंड्यावर मारला की मलिक अंबर पुसला जातो. म्हणून मी तो शब्द एकटा कधीच वापरत नाही. निजामशाही किंवा आसफजाही, असं स्पष्ट लिहितो.

बाकी फरक किरकोळ. नगारखाना दोन्हीकडे होता, दरबाराची जागाही. नौखंड्यात पाच जनाने, दिवाण-ए-आम, दिवाण-ए-खास, मशीद आणि कचेरी, प्रत्येकाला स्वतःची बाग आणि हौद. कचेरीला लागून निजामांची गादी. १८८४ च्या गॅझेटियरमध्येच त्याची पडझड नोंदलेली आहे. मधल्या इमारतीच्या भिंती आणि हमाम तेवढे बऱ्या अवस्थेत होते.

पाहुण्याला पत्ता सांगताना 'कॉलेजमधला जुना महाल' असं सांगू नका. नौखंड्यातही कॉलेज आहे, मुलींचं, ज्युबिली पार्कच्या बाजूला. रिक्षावाल्याला भडकल सांगितलंत तर मलिक अंबरकडे पोहोचाल, दिल्ली दरवाजा सांगितलात तर औरंगजेबाकडे. एकच बघायला वेळ असेल तर मी भडकल सांगेन.