नागपूरचा उन्हाळा, मृत्यूची वेळ आणि जामीन अर्ज

मृत्यूनंतर शरीर हळूहळू थंड पडतं, हे आपण गृहीतच धरतो. पण मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ ला टेकलेला असताना, टिनाच्या छपराखालच्या बंद खोलीत तसं होईलच असं नाही. जिवंत शरीराचं तापमान साधारण ३७ अंश. भोवतालची हवाच त्याहून तापलेली असली, तर मृतदेहाचं तापमान उतरण्याऐवजी चढूही शकतं. आणि ज्या खुनाला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही, तिथे आरोपीच्या जामिनाचा युक्तिवाद पुष्कळदा मृत्यूच्या वेळेपाशीच येऊन अडतो.

परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली शरद बिरधीचंद सारडा खटल्यात घालून दिली. प्रत्येक दुवा पक्का सिद्ध व्हावा आणि सगळे मिळून आरोपीच्या दोषाशिवाय दुसरा निष्कर्षच निघू नये, हा तिचा गाभा. ही कसोटी निकालाच्या वेळची. जामिनाच्या टप्प्यावर कोर्ट पुरावा इतका चाळत बसत नाही. प्रथमदर्शनी काय दिसतं, गुन्हा किती गंभीर, आरोपी पळेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, हे बघितलं जातं. पण साखळीचा मधलाच दुवा कागदावर सुटलेला दिसत असेल, तर त्याची दखल जामिनाच्या वेळीही घ्यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. खटला उभा राहीपर्यंत माणूस वर्षानुवर्षं आत राहू शकतो.

असा सर्वात नाजूक दुवा म्हणजे ‘मयताला शेवटचं आरोपीसोबत पाहिलं’. सर्वोच्च न्यायालयानेच २००५ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या सतीश खटल्यात, सांगितलं आहे की शेवटचं पाहणं आणि मृत्यू यांतलं अंतर इतकं कमी हवं, की मध्ये तिसरं कोणी येण्याची शक्यताच उरू नये.

समजा, हिंगणा रोडवरच्या टपरीवर रात्री १० वाजता दोघांना चहा पिताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकाचा मृतदेह त्याच्या खोलीत सापडला. संध्याकाळी ६ वाजता मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, शवविच्छेदन झालं आणि पीएम रिपोर्टमध्ये मृत्यू ‘१२ ते २० तासांपूर्वी’ असं आलं. म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. सरकारी वकील दहाकडे बोट दाखवतील, बचावाचे वकील सहाकडे. दोघंही रिपोर्टच्या चौकटीतच बोलत असतात.

डॉक्टरांनी हा अंदाज बांधला तो मुख्यतः शरीराच्या ताठरतेवरून. मृत्यूनंतर स्नायूंतलं एटीपी हे ऊर्जा देणारं रसायन संपतं आणि स्नायूंचे तंतू एकमेकांत अडकून बसतात. पुढे प्रथिनं विरघळू लागली की ही पकड सुटते. दोन्ही रासायनिक क्रियाच, त्यामुळे उष्णतेत दोन्ही भराभर उरकतात. कूलर चालू असलेल्या खोलीत जी ताठरता दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेल, ती तापलेल्या खोलीत कितीतरी आधी ओसरते. त्यामुळे कूलर रात्रभर चालला की मध्येच बंद पडला, टाकीत पाणी होतं की नुसता पंखा गरम हवा फेकत होता, यावर सगळा हिशोब काही तास पुढेमागे सरकतो. तापमानाच्या उतरणीवरून वेळ काढण्याचा जर्मन वैद्यक हेन्सगे यांचा आलेख जगभर वापरतात. परिस्थिती अनुकूल असतानाही त्यात दोन्ही बाजूंना सुमारे २.८ तासांची सूट धरावी लागते, आणि हवा शरीराहून गरम असेल तर तो लागूच होत नाही.

सीए रिपोर्टमधल्या, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातल्या, रक्ताचंही तसंच आहे. आरोपीच्या शर्टावर ‘मानवी रक्त, गट बी’ मिळालं, हे ऐकायला जबरदस्त वाटतं. भारतात जवळपास तिघांतल्या एकाचा गट बी असतो. डीएनए चाचणीने रक्त कोणाचं ते कळतं, पण ते कधी लागलं हे तीही सांगत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. विदर्भात निदान एक गोष्ट त्याआधीच सुरू व्हावी. घटनास्थळ पंचनाम्यात खोलीचं तापमान, ते मोजल्याची वेळ, खिडक्या आणि कूलर यांची स्थिती पंचांसमक्ष लिहिली जावी, आणि तो कागद शवविच्छेदनाआधी डॉक्टरांच्या हाती पडावा.