जुना पोंचो: ओळखायचा कसा, धुवायचा कसा, ठेवायचा कसा

पोंचो घ्यायला किंवा रफूला टाकायला आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा हेच विचारतं: खरंच जुना आहे का, लोकरच आहे ना, आणि घरी धुतला तर चालेल का? काउंटरवर घाईत अर्धंच सांगून होतं, म्हणून हे पत्रक.

पोंचो म्हणजे डोकं जाईल एवढी फट ठेवलेली चौकोनी चादर. बाही नाही, बटण नाही, माप नाही. मूळ अँडीज पर्वतातलं. पुढे चिली-अर्जेंटिनातल्या मापुचे या आदिवासी समाजाने आणि गाउचो म्हणजे गुराखी घोडेस्वारांनी तो आपलासा केला: दिवसा अंगावर, रात्री पांघरूण. आपल्याकडे घोंगडीची खोळ हेच काम करते, फक्त तिला फट लागत नाही. युरोपातला कोट कापकाम, अस्तर, खिसे अशा वाटेने बदलत गेला. पोंचोचा आकार तसाच राहिला, बदललं ते कापड. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरण्या दक्षिण अमेरिकेच्या बाजारासाठी पोंचो विणू लागल्या. रबर पक्कं करण्याच्या चार्ल्स गुडइयर या अमेरिकी संशोधकाच्या पेटंटनंतर (१८४४) रबर चढवलेल्या कापडाचे पोंचो आले आणि अमेरिकी यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिकांच्या पाठीवर गेले. १९६०-७०च्या दशकांत फॅशनवाल्यांनी अ‍ॅक्रिलिक सुताचे, क्रोशाचे पोंचो काढले. ‘जुना पोंचो’ म्हणून विकले जाणारे हे चार वेगळे माल आहेत. त्यांची किंमत एका तराजूत तोलू नका.

आधी कड बघा, रंग नंतर

रंग फसवतो, कड सहसा फसवत नाही. अँडीजमधल्या हातमागावर कापड कापून काढत नाहीत, म्हणून चारही बाजूंना विणलेली किनार असते. एका टोकाकडून बोट फिरवत या: कुठेतरी दोन-तीन इंचांचा पट्टा जरा वेगळा लागेल, वीण दाट किंवा सैल, नक्षी सोपी केलेली. मागावर शेवटी जागा उरत नाही, तेव्हा बाणा (आडवा धागा) सुईने ओवावा लागतो, त्याची ही खूण. यंत्रमागाच्या कापडाला किनार दोनच बाजूंना असते, उरलेल्या दोन बाजू कापून दुमडलेल्या किंवा ओव्हरलॉक केलेल्या. फक्त झालर मोजू नका. झालरीची पट्टी बऱ्याचदा वेगळी विणून शिवलेली असते, सगळ्यात आधी तीच झिजते आणि बदलली जाते. बदललेली झालर हा दोष नाही, न सांगता विकणं हा दोष.

मग मधली शिवण. डोंगराळ भागातले बरेच पोंचो दोन पट्टे जोडून, मध्ये गळ्यापुरती जागा सोडून शिवलेले असतात. दोन्ही पट्ट्यांवरच्या रंगीत रेघा एक-दीड सेंटिमीटर पुढेमागे असतील तर घाबरू नका, हातमागात ते होतंच. मापुचे पोंचो मात्र अखंड विणतात, फट मागावरच राखतात. त्याला मध्ये शिवण दिसली तर ती दुरुस्ती आहे का, ते विचारा.

लेबल असेल तर त्यावर ‘डब्ल्यूपीएल’ (WPL) क्रमांक, म्हणजे लोकरी मालाच्या लेबलांच्या अमेरिकी कायद्याखाली कंपनीला मिळालेला क्रमांक, आहे का बघा. हे क्रमांक १९४१ ते १९५९ या काळात दिले गेले. मिळालेला क्रमांक कंपन्या पुढेही वापरत राहिल्या, त्यामुळे तो ‘१९४१च्या आधीचा नाही’ एवढंच सांगतो. वूलमार्क हे शुद्ध लोकरीचं चिन्ह १९६४चं. अ‍ॅक्रिलिक सूत बाजारात आलं १९५०च्या सुमारास, तेव्हा अ‍ॅक्रिलिकच्या पोंचोला कुणी ‘आजोबांच्या काळातला, शंभर वर्षांचा’ म्हणालं तर हसून पुढे जा. लेबल कशाने शिवलंय तेही बघा. जुन्या लेबलाला नवाकोरा चकचकीत दोरा असेल तर ते दुसऱ्या कपड्यावरून आलेलं असू शकतं.

लोकर आहे का हे बघायला आतल्या बाजूचा एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळा. लोकर धुसफुसत जळते, ज्योत काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि काळी राख बोटाने चुरडते. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास, राख करडी, मऊ. अ‍ॅक्रिलिक वितळतं, काळा धूर देतं आणि शेवटी कडक गोळी उरते. ‘विकुन्या’ (अँडीजमधला, उंटाच्या कुळातला प्राणी) म्हणून कुणी महाग काही दाखवलं तर आधी कागदपत्रं मागा, त्या प्राण्याच्या लोकरीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत.

गळा

सगळा भार गळ्यावर येतो, म्हणून फाटतो तो फटीच्या दोन टोकांशी. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर ५६–५८ सेंटिमीटर; फटीच्या दोन्ही कडा मिळून तेवढं भरायला हवं, म्हणजे फट किमान ३० सेंटिमीटर हवी. त्याहून लहान असेल तर घालताना रोज ओढ बसते. टोकाला अर्धा सेंटिमीटरही उसवलं असेल तर घालणं थांबवा आणि रफूला आणा. घरच्या मशीनवर जाड टीप मारू नका. टिपेपाशी कापड ताठ होतं आणि पुढची चीर तिथूनच सुरू होते.

धुलाई

आधी रंग तपासा: पांढरं ओलं सुती फडकं प्रत्येक रंगावर पाच मिनिटं दाबून ठेवा. डाग उठला तर घरी धुऊ नका. मीठ-व्हिनेगरने रंग पक्का होतो ही समजूत सोडा, सुटणारा रंग त्याने थांबत नाही.

दीड किलोच्या पोंचोला मोठ्या टबात १५–२० लिटर पाणी घ्या, हाताला गार लागेल असं, ३० अंशांच्या आत. लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण किंवा १०–१२ रिठ्यांचा गाळलेला काढा पुरे. फिक्या रंगांना रिठा नको, पिवळट झाक येते. दहा मिनिटं बुडवून ठेवा, तळव्याने दाबा, चोळू नका. गरम पाणी, घासणं आणि धुण्याचा सोडा एकत्र आले की लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते, ती पुन्हा सैल होत नाही. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर विरघळवतं. खंगाळायचं पाणीही तेवढंच गार. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरा. ओली लोकर अशक्त असते, दोरीवर टाकलेला पोंचो स्वतःच्याच वजनाने लांबतो.

रबरी पोंचोला यातलं काहीच करू नका. ओल्या फडक्याने पुसा, टाल्कचं चूर्ण लावा आणि घडी न घालता गुंडाळा. घडीवर रबर तडकतं.

पावसाळ्यात ठेवताना

हँगरला लटकवू नका, खांद्यांवर कोंब येतात. धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात सैल गुंडाळा. कसर लागते ती घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी, म्हणून न धुतलेला ठेवणं सगळ्यात वाईट. डांबरगोळ्या घट्ट बंद पेटीतच उपयोगी. कडुलिंबाच्या पाल्याने अळ्या मरत नाहीत. कसर लागलीच तर पोंचो प्लास्टिक पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरतं.

रफूला देताना सुटलेले धागे कापू नका, चिठ्ठीत बांधून सोबत आणा. जुळणारा रंग तेवढाच मिळतो.