कपाशीचं औषध आणि रक्तातलं पॉन-१

परभणी-जालन्याकडं कीटकनाशकाला सहसा कोणी विष म्हणत नाही. "कपाशीला औषध मारायचंय," असंच म्हणतात. पाठीवर पंप घेऊन दोघे भाऊ एकाच वावरात फवारतात. संध्याकाळी एकाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात; दुसरा भाकरी खाऊन झोपी जातो. वारा कोणाच्या तोंडावर होता, कोणाचा पंप गळत होता, यानं बराच फरक पडतो. पण थोडा फरक रक्तातही असू शकतो.

पॅराथिऑन या कीटकनाशकाचं उदाहरण बघा. यकृतात त्याचं पॅराऑक्सॉन होतं आणि मग ते चढतं. नसेनं स्नायूला दिलेला निरोप पुसून टाकणाऱ्या एन्झाइमला ते जखडून ठेवतं, म्हणून लाळ आणि घाम थांबत नाहीत. गंमत अशी की त्याच यकृतात उताराही तयार होतो: पॅराऑक्सोनेज-१ नावाचं प्रथिन, थोडक्यात पॉन-१. एचडीएल कोलेस्टेरॉलच्या कणांवर बसून ते रक्तात फिरतं आणि पॅराऑक्सॉन तोडतं. पॉन-२ आणि पॉन-३ ही त्याची भावंडं. तिघांची जनुकं सातव्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. नवजात बाळात पॉन-१ फार कमी असतं, म्हणून फवारणीच्या कपड्यांनिशी बाळाला उचलू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची साखळी. पॉन-१च्या साखळीत १९२व्या जागी काहींना ग्लुटामिन हा मणी असतो, काहींना आर्जिनिन. आर्जिनिनवालं पॉन-१ पॅराऑक्सॉन कितीतरी पट वेगानं तोडतं. फवारणीच्या इतर औषधांचा हिशेब मात्र वेगळा.

एवढ्या एका मण्याचा परिणाम तपासायचा तर रक्तातलं पॉन-१ गैरसोयीचं. त्याच्यासोबत शेकडो प्रथिनं येतात. म्हणून माणसाचं जनुक ई. कोलाय जिवाणूत घालून त्याच्याकडूनच प्रथिन बनवून घेतात. हेच रिकॉम्बिनंट प्रथिन. पॉन-१ या बाबतीत हट्टी निघालं: जिवाणूत त्याची नीट घडी पडेना, नुसत्या गुठळ्या व्हायच्या. २००४ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत डॅन तौफिक यांच्या गटानं जनुकात बदल करत, निवडत निवडत विरघळणारं रूप मिळवलं. त्याचा आकार सहा पात्यांच्या पंख्यासारखा निघाला आणि मधोमध कॅल्शियम.

चाचणी डोळ्यांना दिसते. पॅराऑक्सॉन तुटलं की पॅरा-नायट्रोफिनॉल सुटतं आणि बिनरंगी द्रावण हळदीच्या पाण्यासारखं पिवळं होत जातं. पिवळेपणा वाढण्याचा वेग मोजायचा, बस. एकदा आमच्याकडं रक्ताचा नमुना जांभळ्या बुचाच्या नळीतून आला आणि रंग चढेचना. त्या नळीतलं ईडीटीए हे रसायन कॅल्शियम ओढून घेतं, आणि कॅल्शियमविना पॉन-१ निकामी.

२००८ साली ई. कोलायमध्ये बनवलेल्या सुधारित मानवी पॉन-१नं उंदरांना विषबाधेतून वाचवल्याचं प्रसिद्ध झालं. प्रयोगशाळेत येणाऱ्या पॉन-१च्या कुपीवर मात्र 'फक्त संशोधनासाठी' असंच छापलेलं असतं. दवाखान्यात आजही मुख्यतः ॲट्रोपीन टोचतात. रुग्णाला नेताना फवारलेल्या औषधाची बाटली सोबत न्या, डॉक्टर आधी तिचंच लेबल वाचतील.