१८५०ची जनगणना आणि १८८०ची: नात्याचा रकाना कुठे आहे?

अमेरिकन सून किंवा जावई घरात आला की कुणीतरी हौसेनं त्यांची वंशावळ काढायला बसतं. शोध एकोणिसाव्या शतकातल्या कुठल्याशा शेतकऱ्यापाशी पोचतो आणि तिथे हमखास तीच चूक होते: अमेरिकेची १८५०ची जनगणना १८८०सारखी वाचली जाते.

१७९० ते १८४०च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकीचे नुसते आकडे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. १८५०ला प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, जन्मस्थान आलं. (गुलामांच्या वेगळ्या यादीत नाव मालकाचं, त्यांचं नाही.) नावं दिसली की लोक हुरळतात. वरचा तो बाप, खालची ती आई, उरलेली त्यांची पोरं, असं लावून मोकळे होतात.

अहो, त्या कागदावर नात्याचा रकानाच नाही! तो आला १८८०ला. १८५०ची यादी सांगते ते एवढंच, की १ जूनला या माणसांचं राहतं घर एक होतं.

अब्राहम लिंकनचं लहानपणीचं घर घ्या. इंडियानात, लिटल पिजन क्रीकला. १८१९च्या डिसेंबरात थॉमस लिंकननं दुसरं लग्न केलं, त्यानंतर ओंडक्यांच्या त्या घरात कोण कोण होतं? थॉमस, नवी बायको सारा, अब्राहम, त्याची बहीण सारा, नव्या आईची आधीच्या नवऱ्याची तीन जॉन्स्टन मुलं आणि नात्यातला डेनिस हँक्स. पाचही पोरं साधारण एका वयाची. १८५०च्या पद्धतीनं ही नावं कुणी उतरवली असती आणि आडनावाच्या जागी आळसानं डिट्टो मारत गेला असता, तर जॉन्स्टनची पोरं लिंकन झाली असती. त्याहून वाईट म्हणजे १८१८ला वारलेली नॅन्सी हँक्स, अब्राहमची सख्खी आई, पुसलीच गेली असती. तिच्याबरोबर अख्खं आजोळ.

म्हणून मी १८८०पासून मागे येतो. पण तिथेही नातं लिहिलंय ते फक्त प्रमुखाशी. ‘मुलगा’ म्हणजे त्याचा मुलगा. यादीत नोंदलेली प्रमुखाची बायको त्या मुलाची आई असेलच असं नाही. त्यासाठी आईच्या जन्मस्थानाचा रकाना बघा. मुलापुढे त्या रकान्यात व्हर्जिनिया आणि त्या बाईच्या स्वतःच्या जन्मस्थानाच्या रकान्यात केंटकी असेल, तर सावत्र आईचा संशय घ्यायचा आणि काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) कोर्टातले वारसाहक्काचे कागद मागवायचे.

आणि हो, त्या काळचा ‘ज्युनिअर’ हा ‘सीनिअर’चा मुलगाच असतो असं नाही. एकाच गावात एकाच नावाचे काका-पुतणे असले तरी थोरला सीनिअर, धाकटा ज्युनिअर.