मतपत्रिकेवरचे तीन शब्द

कॅलिफोर्नियात न्यायाधीश निवडून देण्याची पद्धत 1849 च्या राज्यघटनेपासूनची. 1911 मध्ये या निवडणुकीतून पक्षाचं नाव गेलं आणि त्याच वर्षी न्यायाधीशाला माघारी बोलावण्याचा हक्क मतदारांना मिळाला. 1934 पासून वरच्या न्यायालयांसाठी न्यायाधीशाला पदावर ठेवायचं का, एवढाच होय-नाहीचा कौल घेतला जाऊ लागला. खटले प्रत्यक्ष चालवणाऱ्या काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) सुपीरियर कोर्टाची लढत मात्र उघडीच राहिली.

आजचा रिवाज असा : मधेच जागा रिकामी झाली की गव्हर्नर नेमणूक करतो. बहुतेक न्यायाधीश याच दाराने आत येतात आणि नंतर सहा वर्षांच्या मुदतीसाठी मतदारांपुढे जातात. उमेदवाराची राज्यात 10 वर्षं वकिलीची नोंद लागते. अर्जाआधी इराद्याची घोषणा द्यायची, वार्षिक पगाराच्या 1 टक्का शुल्क भरायचं. पहिल्या फेरीत निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर तिथेच निकाल, नाहीतर पहिले दोघं नोव्हेंबरात पुन्हा समोरासमोर. विद्यमान न्यायाधीशाविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही, तर सहसा त्याचं नाव मतपत्रिकेवर येतही नाही.

खरी ओढाताण नावाखालच्या ओळीवरून होते. उमेदवाराने सध्याचा मुख्य व्यवसाय जास्तीत जास्त तीन शब्दांत लिहायचा. गावाचं किंवा काउंटीचं नाव कितीही लांब असलं तरी एकच शब्द धरतात. सोबत त्या व्यवसायाचा आधार सांगणारा तक्ता भरावा लागतो; तो राहिला तर नावाखालची जागा कोरी. पक्षचिन्ह नाही, उमेदवार अनोळखी, मतपत्रिका लांबलचक. मतदार या तीन शब्दांवरच शिक्का मारतो. आपल्याकडे पत्रकावर 'समाजसेवक' लावतात, त्यातलाच प्रकार. सरकारी वकिलांनी हे बरोबर हेरलं. 'उप जिल्हा वकील' या साध्या हुद्द्याऐवजी 'टोळीहत्या अभियोक्ता' असं लिहिलं जाऊ लागलं. हुद्दा सांगण्याच्या जागी ती जाहिरातच झाली. समोरचा खासगी वकील कितीही मुरलेला असला, तरी 'वकील' या एका शब्दाने तो फिका पडायचा.

2017 च्या कायद्याने हे आवरलं. सरकारी वकिलाने खरा हुद्दा आणि काउंटी किंवा शहराचं नाव लिहायचं, खासगी वकिलाने 'वकील' किंवा त्याच अर्थाचा ठरलेला शब्द. हा बदल बऱ्याच उशिरा आला. शिवाय मतदाराला उमेदवाराची पारख होत नाही, हे दुखणं त्याने बरं होण्यासारखं नव्हतं. 2006 मध्ये लॉस एंजेलिस काउंटीत वीसेक वर्षं काम केलेल्या न्यायाधीश बाई बेगलचं (कड्यासारख्या गोल पावाचं) दुकान चालवणाऱ्या वकील बाईंकडून हरल्या. वकील संघटनेने पहिल्यांना सर्वोच्च श्रेणी दिली होती, दुसऱ्यांना 'अपात्र' ठरवलं होतं. हरलेल्या बाईंचं नाव उच्चारायला अवघड, एवढंच कारण अनेकांनी काढलं. गव्हर्नरने त्यांना दुसऱ्या रिकाम्या जागेवर परत नेमलं.

1911 मध्ये मिळालेला माघारी बोलावण्याचा हक्क मात्र क्वचितच वापरला गेला. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात फक्त सहा महिन्यांची शिक्षा दिल्यावरून 2018 मध्ये एका न्यायाधीशाला मतदारांनी पायउतार केलं. राज्यात 1932 नंतर हे प्रथमच घडलं.