शेतमालाची प्रत ठरवणारे कायदे: मुळात कोणासाठी झाले होते?

सोयाबीन किंवा कापूस विकायला नेला की भावाच्या आधी मॉइश्चर किती, माती-काडी किती यावरूनच हुज्जत सुरू होते, आणि मग दर हंगामात कोणीतरी म्हणतंच की राज्याचे ग्रेडिंगचे कायदे एकदा तपासा, बदला. तपासायलाच पाहिजेत, पण हे कायदे मुळात कोणाच्या सोयीसाठी झाले ते आधी बघू.

सुरुवात कापसापासून आहे. मुंबई इलाख्यात 1829 लाच कापसातल्या लबाडीविरुद्ध रेग्युलेशन आलं आणि 1863 ला कॉटन फ्रॉड्स ॲक्ट. आता 1863 साल बघा, अमेरिकेत यादवी चालू, तिकडचा कापूस जवळपास बंद, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या हवालदिल, इकडे भाव भडकलेले, मग सरकी, माती मिसळून नाहीतर पाणी मारून वजन वाढवायचे उद्योग जोरात. म्हणजे पहिला कायदा शेतकऱ्याच्या मालाला न्याय मिळावा म्हणून नव्हताच, तो साता समुद्रापलीकडच्या गिरणीवाल्याला फसवलं जाऊ नये म्हणून होता. तेव्हा कापसाची प्रत गावाच्या नावावर चालायची, हिंगणघाट, भडोच, ढोलेरा, वऱ्हाडाकडचा माल 'ऊमरा' (म्हणजे अमरावती, इंग्रजांनी केलेलं!). मग चांगल्या नावात हलका माल घुसडायचा धंदा आलाच. त्यावर 1923 च्या कॉटन ट्रान्सपोर्ट ॲक्टने ठराविक भागात बाहेरचा कापूस आणण्यावर बंदी घालायची सोय केली, आणि 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढणं आणि गाठी बांधणं) कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि नंबर आला. खराब गाठ निघाली तर कोणत्या प्रेसची ते लगेच कळावं म्हणून.

शेतकऱ्याच्या बाजूचा धागा वेगळा, आणि तोही आपल्या वऱ्हाडातलाच. 1886 ला कारंजा लाडला नियंत्रित बाजार सुरू झाला, 1897 ला वऱ्हाडचा कापूस-धान्य बाजाराचा कायदा आला. पण त्यात सगळा जोर बाजाराची जागा, माप, अडत, हमाली यावर होता. 1928 च्या शेती रॉयल कमिशनच्या रिपोर्टनंतर बाजार सुधारण्याची चर्चा वाढली, पुढे नियंत्रित बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करायची हत्ता पद्धत जाऊन उघड लिलाव आला. मुंबई प्रांताचा 1939 चा कायदा असो की महाराष्ट्राचा 1963 चा बाजार समिती कायदा, दोन्ही याच वळणाचे. काटा सुधारला, लिलाव सुधारला, प्रत मात्र व्यापाऱ्याच्या हातात राहिली, ढिगात हात घालून तो म्हणेल ती.

मधल्या काळात दिल्लीने स्वतंत्र रस्ता धरला होता. 1935 ला केंद्राचं मार्केटिंग खातं निघालं, लिव्हिंग्स्टन हे त्याचे पहिले सल्लागार, आणि 1937 ला ग्रेडिंग-मार्किंगचा कायदा, ज्यातून ॲगमार्क, म्हणजे शेतमालाच्या दर्जाचा सरकारी शिक्का, आला. सुरुवातीच्या यादीत फळं, भाजी, अंडी, दुग्धजन्य माल, तंबाखू, कॉफी, कातडी असला माल होता. हा कायदा मुळात ऐच्छिक, ज्याला शिक्का हवा त्याने घ्यावा. त्यामुळे तेल, मध, मसाला पॅक करणाऱ्याला त्याचा उपयोग झाला. ट्रॅक्टरवर पोती घालून यार्डात येणाऱ्याला कसला होणार? ॲगमार्कची केंद्रीय लॅब नागपुरात आहे, म्हणजे कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यातच, तरी.

घटनेतही मजा आहे. केंद्राच्या यादीत 50 नंबरला वजन-मापांची मानकं, सरसकट. लगेच खाली 51 नंबरला मालाच्या दर्जाची मानकं, पण फक्त परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालाची. शेती आणि बाजार राज्याच्या यादीत. म्हणजे किलो देशभर एक, पण गावच्या यार्डातल्या मालाची प्रत राज्याने बघायची, आणि राज्यांनी ती समित्यांवर सोडली.

महाराष्ट्राने एकदा मोठा प्रयोग केला, 1971 चा कच्च्या कापसाचा कायदा आणि 1972 पासूनची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारी योजनेलाच विकायचा. पैसे ग्रेडप्रमाणे. पण ग्रेड द्यायची ती ग्रेडरच्या नजरेनेच, कवडी (किडका, डागी कापूस) किती, ओल किती हे त्याने ठरवायचं, आणि दोन ग्रेडमधला फरक थेट शेतकऱ्याच्या खिशातून जायचा. ग्रेड पटली नाही तर बैलगाडी परत न्यायची का, हा साधा प्रश्न होता, कारण दुसरा गिऱ्हाईकच कायद्याने नव्हता! माझ्या मते योजनेवरचा विश्वास उडायला उशिरा मिळणाऱ्या पैशाइतकंच हेही कारण आहे.

2003 च्या केंद्राच्या मॉडेल ॲक्टने (बाजार समित्यांसाठीचा नमुना कायदा) राज्यांना ग्रेडिंगसाठी वेगळा मानक ब्यूरो काढा असं सुचवलं, पण सगळी चर्चा खासगी बाजार आणि थेट खरेदीवरच झाली. 2016 ला ई-नाम, म्हणजे केंद्राचा ऑनलाइन शेतमाल बाजार, आलं, त्यात लिलावाआधी सँपल तपासणं अपेक्षित आहे, कारण लांबचा व्यापारी माल न बघता बोली लावणार.

आज शेतकऱ्याला प्रत्यक्ष भिडतो तो हमीभाव खरेदीचा एफएक्यू (फेअर ॲव्हरेज क्वालिटी, म्हणजे सर्वसाधारण चांगली प्रत) दर्जा. कापसात 8 टक्के ओलावा धरून पूर्ण भाव, पुढे 12 पर्यंत कटती, त्यावर माल परत. सोयाबीनला मर्यादा 12 टक्के, ती नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती 15 केली, ऐन विधानसभा निवडणुकीत. एका आदेशाने मर्यादा 3 टक्क्यांनी वर गेली आणि राज्याच्या कुठल्याही कायद्याला हात लावावा लागला नाही, त्यामुळे तपासणी करायचीच तर या आदेशांना राज्याच्या कायद्यात कुठे जागा आहे, आणि ओलावा मोजणाऱ्या मीटरचा आकडा पटला नाही तर यार्डातच दुसऱ्यांदा तपासून मागायचा हक्क शेतकऱ्याला कुठल्या कलमात आहे, तिथून करा.